घरी आलेले औषध, घरी आलेली जबाबदारी

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील कर्करोगाच्या रुग्णाला उपचार म्हणजे परळची वाट, हे समीकरण कित्येक वर्षे रूढ आहे. परळ येथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि मध्य रेल्वेच्या लोकलने तेथे जाणाऱ्या रुग्णांचा ओघ तेव्हापासून अखंड राहिला आहे. अपंगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून प्रवास करण्याची मुभा कर्करोगाच्या रुग्णांनाही आहे, यावरूनच या प्रवासाचे प्रमाण ध्यानी यावे. रुग्णालयात जावे, शिरेतून औषध घ्यावे, परिचारिकेच्या नजरेखाली काही तास काढावेत आणि सायंकाळी परतावे, अशी या उपचाराची रीत होती.

स्तनाच्या प्रगत कर्करोगाच्या काही रुग्णांच्या बाबतीत ही रीत आता पालटली आहे. औषध गोळीच्या वा कॅप्सूलच्या रूपाने थेट घरी येते. ही सोय निःसंशय मोठी आहे. परंतु रुग्णालयात परिचारिका जी दक्षता घेत असे, ती आता घरातील मंडळींनाच घ्यावी लागते, हे विसरून चालणार नाही.

औषधाचे कार्य

पॅल्बोसायक्लिब हे या वर्गातील एक प्रमुख औषध होय. कर्करोग स्तनापलीकडे हाडे, यकृत, फुप्फुस अशा अवयवांत पसरलेला असेल, त्याच्या पेशी संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या असतील आणि ‘हेर-२’ तपासणी नकारार्थी असेल, अशा रुग्णांना ते दिले जाते. पेशीला विभाजनाची आज्ञा देणारी ‘सीडीके ४’ व ‘सीडीके ६’ ही दोन एन्झाइमे ते रोखून धरते. पेशीचक्राचे नियंत्रण कसे होते, याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्या ज्ञानाचेच हे फळ आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ६६६ महिलांच्या अभ्यासात केवळ लेट्रोझोल घेणाऱ्यांमध्ये रोग सरासरी १४.५ महिने आटोक्यात राहिला, तर जोडीला पॅल्बोसायक्लिब घेणाऱ्यांमध्ये तो २४.८ महिने आटोक्यात राहिला. हे औषध रोगाचे निर्मूलन करीत नाही, त्याची वाढ थोपवते. तथापि संसारातील दहा महिने ही लहान गोष्ट नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये या औषधाच्या पेटंटची मुदत भारतात संपली. त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी ते बाजारात आणले, किमती उतरल्या आणि ते अधिक घरांत पोहोचले. म्हणूनच ते कसे घ्यावे, याची माहितीही घरोघरी पोहोचणे अगत्याचे झाले आहे.

एकवीस दिवस आणि सात दिवस

पॅल्बोसायक्लिब सामान्यतः दिवसातून एकदा, ठराविक वेळी, सलग २१ दिवस घेतात आणि नंतर ७ दिवस थांबवतात. असे २८ दिवसांचे एक चक्र होते. लेट्रोझोलची गोळी मात्र २८ दिवसांत एकदाही थांबवायची नसते. घरातील घोटाळा नेमका येथेच होतो. विश्रांतीच्या आठवड्यात कोणी दोन्ही औषधे बंद करतो, तर कोणी दोन्ही चालू ठेवतो. यावर साधा उपाय म्हणजे भिंतीवरील दिनदर्शिका. औषधाचे दिवस एका रंगाने व विश्रांतीचे दिवस दुसऱ्या रंगाने खुणावून ठेवावेत आणि गोळी घेतल्यावर त्या तारखेवर काट मारावी.

कॅप्सूल असेल तर ती जेवणाबरोबर घ्यावी. ती उघडू नये, चावू नये. एखादा दिवस चुकला किंवा औषध घेतल्यावर उलटी झाली, तरी त्या दिवशी दुसरी मात्रा घेऊ नये. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीचीच मात्रा घ्यावी. याच वर्गातील इतर औषधांचे नियम निराळे आहेत. अबेमासायक्लिब दिवसातून दोनदा, खंड न पाडता घेतात. रायबोसायक्लिब घेताना हृदयाचा आलेख काढावा लागतो. शेजारच्या रुग्णाचा नियम आपल्याला लावू नये, तो एवढ्याचसाठी.

रक्ततपासणी टाळू नये

सात दिवसांच्या विश्रांतीला कारण आहे. औषध ज्या एन्झाइमांना रोखते, त्यांची गरज अस्थिमज्जेलाही असते. त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, कमी होतात. उपरोक्त अभ्यासात हे औषध घेणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश महिलांमध्ये ही घट तीव्र स्वरूपाची होती. अस्थिमज्जेच्या पेशी मरत नाहीत, केवळ थबकतात. विश्रांती मिळताच त्या पुन्हा कामाला लागतात. त्या पुरेशा सावरल्या की नाही, हे फक्त तपासणी सांगते. म्हणून उपचारापूर्वी, प्रत्येक चक्राच्या आरंभी आणि पहिल्या दोन चक्रांत पंधराव्या दिवशी रक्ताची तपासणी होणे आवश्यक असते. ‘बरे वाटते आहे, मग रक्त कशाला?’ हा विचार धोक्याचा आहे, कारण पेशी कमी झाल्याचे शरीराला जाणवेलच असे नाही. या तपासणीसाठी दर वेळी मुंबई गाठण्याची गरज नाही. डॉक्टरांच्या संमतीने ती कल्याण, डोंबिवली वा ठाण्यातही करून घेता येते.

अहवाल पाहून डॉक्टर पुढचे चक्र लांबवतात किंवा मात्रा १२५ मिलिग्रॅमवरून १०० वा ७५ वर आणतात. हे उपचार फसल्याचे लक्षण नव्हे, तो नियोजित उपचाराचाच भाग आहे.

ताप आणि इतर औषधे

पावसाळ्यात या भागात हिवताप व डेंग्यू यांचे रुग्ण घरोघरी असतात. अंग तापले की पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहण्याची सवय सार्वत्रिक आहे. हे औषध घेणाऱ्या रुग्णाने ती सोडलीच पाहिजे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, थंडी वाजली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. असा गंभीर जंतुसंसर्ग थोड्यांनाच होतो. परंतु ज्यांना होतो त्यांच्या बाबतीत प्रत्येक तास मोलाचा ठरतो. कोरडा खोकला, वाढती धाप किंवा एका पायाला आलेली सूज यांचीही तत्काळ दखल घ्यावी.

काही औषधांशी याचे जमत नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, अपस्मारावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांमुळे त्याचा प्रभाव घटतो. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल यांमुळे रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. ग्रेपफ्रूटही याच कारणाने वर्ज्य आहे आणि त्याच जातकुळीतील, भाद्रपदात बाजारात येणारे पपनस टाळणे हिताचे. काढे व चूर्णेही डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. कोणत्याही दवाखान्यात जाताना चालू औषधांची चिठ्ठी जवळ असावी. गर्भवती स्त्रीने फुटलेली कॅप्सूल हाताळू नये. औषध मुलांच्या हाती लागणार नाही, अशा कोरड्या जागी ठेवावे.

गावाचा वाटा

मुरबाड, शहापूरकडील रुग्णाला या सर्व गोष्टी एकट्याने सांभाळणे अवघड जाते. खर्चाच्या अडचणीमुळे कोणी दिवसाआड गोळी घेऊ लागतो; तसे करण्याने औषधाचा उपयोग मात्र हरवतो. अशा वेळी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आपल्या उपचाराविषयी चौकशी करण्यास रुग्णाला प्रवृत्त करावे. वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या घरी शिक्षकांनी दिनदर्शिका खुणावून द्यावी. आशा सेविकेने तपासणीच्या तारखेची आठवण करावी. रात्री ताप चढल्यास वाहन कोणाचे मिळेल, हे पंचायत सदस्यांनी आधीच ठरवून ठेवावे. औषध घरी आले आहे; ते सुरक्षितपणे घेतले जावे, यासाठी शेजार आणि गाव यांनीही रुग्णाच्या पाठीशी उभे राहणे अगत्याचे आहे.