दिवा मोठा, तार लहान

गेल्या पावसाळ्यातील एका रात्रीची गोष्ट आहे. आमचे एक शेजारी पत्नीला व वृद्ध मातोश्रींना बरोबर घेऊन आपल्या जुन्या मोटारीने बेळगावहून गोव्याकडे निघाले होते. चोर्ला घाटात पाऊस आणि धुके यांची जणू स्पर्धा चालली होती. धुक्यात वाट नीट दिसावी या हेतूने त्यांनी आठच दिवसांपूर्वी हेडलाइटचे मूळचे बल्ब काढून बाजारातून अधिक शक्तीचे बल्ब आणून बसविले होते. एका अवघड वळणाच्या तोंडाशी पुढचे दोन्ही दिवे एकदम मालवले. उजव्या हाताला कडा, डाव्या हाताला दरी आणि समोर काळोख! दैव बलवत्तर म्हणून त्यांचा पाय वेळीच ब्रेकवर पडला. पुढे एका मालट्रकच्या चालकाने माणुसकी दाखविली व त्या ट्रकच्या मागील तांबड्या दिव्यांच्या आधाराने ही मंडळी कशीबशी घाट उतरली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी तपासली. बल्ब शाबूत होते. दोन्ही बाजूंचे फ्यूजही शाबूत होते. परंतु सुकाणूच्या चाकाखालील दिव्यांचा खटका आतून वितळून गेला होता आणि एका बल्बच्या मागील प्लॅस्टिकचा होल्डर भाजलेल्या भाकरीसारखा करपला होता. शेजाऱ्यांनी आश्चर्याने विचारले, “अहो, फ्यूज जर जळला नाही, तर वायरिंग कसे जळले?” त्यावर मिस्त्री म्हणाला, “काका, फ्यूज टिकला म्हणजे वायर सुखरूप आहे, असे कधी समजू नका.”

मिस्त्रीच्या या एका वाक्यात फार मोठा अर्थ साठविलेला आहे. आज खेडोपाडी मोटारी झाल्या आहेत आणि दुकानांतून नाना तऱ्हेचे बल्ब मिळतात. अशा वेळी बाहेरून आणलेल्या बल्बमुळे गाडीचे वायरिंग बिघडू शकते काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एकदा तरी समजून घेण्यासारखा आहे.

हिशेब काय सांगतो?

हॅलोजन बल्ब मोटारींमध्ये प्रथम १९६२ साली युरोपात आले. पुढे १९७१ मध्ये एकाच बल्बात दूरचा व जवळचा, असे दोन्ही प्रकाश देणारा ‘एच-४’ हा बल्ब निघाला. आपल्याकडील असंख्य गाड्यांत आजही हाच बल्ब असतो. त्याची ठरलेली शक्ती ६०/५५ वॅट, म्हणजे दूरच्या प्रकाशासाठी ६० व जवळच्या प्रकाशासाठी ५५ वॅट. बाजारात मात्र त्याच घडणीचे, त्याच होल्डरमध्ये बसणारे १००/९० किंवा १३०/१०० वॅटचे बल्बही मिळतात. बल्ब जागेवर बसला म्हणजे तो त्या गाडीचाच, अशी समजूत होते. आणि फसगत होते ती नेमकी येथेच.

मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची असते. वॅटच्या आकड्याला बाराने भागले की किती अँपियर वीज वाहते ते कळते. ६० वॅटचा बल्ब ५ अँपियर घेतो, म्हणजे दोन बल्ब मिळून १० अँपियर. १०० वॅटचा बल्ब ८.३ अँपियर घेतो, म्हणजे दोन मिळून सुमारे १७ अँपियर. इंजिन चालू असताना विजेचा दाब बारा व्होल्टच्या वर जातो, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा आणखी थोडा वाढतो.

कोणी म्हणेल, वीज दीडपटीहून थोडी अधिक वाहिली, तर तारही तेवढीच अधिक तापेल. त्यात मोठेसे काय? परंतु निसर्गाचा नियम निराळा आहे. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली दाखवून दिले की, तारेत निर्माण होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. या न्यायाने ६० ऐवजी १०० वॅटचे बल्ब लावले तर त्याच तारेत पावणेतीनपट उष्णता निर्माण होते. १३० वॅटचे लावले तर ती साडेचारपटींहूनही अधिक भरते. घरातील दिव्याच्या बारीक वायरीवर विहिरीचा पंप चालवावा, तसाच हा प्रकार होय.

सारे फ्यूजवर सोपवू नये

आता फ्यूज का जळला नाही, ते पाहू. फ्यूजचे काम ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला तर तो तोडणे, एवढेच आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत प्रत्येक बाजूला १० अँपियरचा फ्यूज होता आणि बल्ब त्याहून थोडी कमी वीज घेत होता. फ्यूजच्या दृष्टीने सारे यथास्थित होते. पण त्या दोन्ही बाजूंची वीज ज्या एका खटक्यातून जात होती, तो दहा अँपियरच्या बेताने घडविलेला होता. त्याच्यावर सतराचा भार पडला.

दुसरे असे की, वायरिंग बहुधा तारेच्या मध्यावर जळत नाही. ते सांध्यावर जळते. बल्बचा होल्डर, कपलर, खटका, अर्थिंगचा स्क्रू या जागा म्हणजे वायरिंगची दुबळी अंगे. त्यातून आपल्या कोकण-गोव्याकडची दमट, खारी हवा! तांब्यापितळेवर हिरवा थर चढतो, पकड सैल होते आणि तेथे विजेला अडथळा निर्माण होतो. समजा, असा अडथळा एक दशांश ओहम एवढाच आहे. पाच अँपियर प्रवाहाला त्या दाण्याएवढ्या जागेत अडीच वॅट उष्णता निर्माण होते, ८.३ अँपियरला तीच जवळजवळ सात वॅट होते. एवढ्याशा जागेत इतकी उष्णता तासभर कोंडली की प्लॅस्टिक मऊ पडते, पकड आणखी ढिली होते, अडथळा आणखी वाढतो. या सगळ्यात प्रवाह काही वाढत नाही, म्हणून फ्यूजला त्याची गंधवार्ताही लागत नाही.

काही मंडळी याहून घातक उपाय करतात. फ्यूज वारंवार जातो म्हणून दहाच्या जागी तीसचा बसवितात किंवा सरळ तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवितात. फ्यूज हा वायरिंगचा राखणदार आहे. त्याला असे झोपविले, तर पुढे आग लागण्यास कितीसा वेळ?

सर्वच बल्ब दोषी नव्हेत

तथापि, बाहेरून घेतलेला प्रत्येक बल्ब वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ बल्बइतक्याच वॅटचा व चांगल्या घडणीचा बल्ब कोणत्याही दुकानातून घेतला, तरी वायरिंगला त्याचा त्रास नाही. त्याच वॅटमध्ये अधिक प्रकाश देणारे बल्बही असतात; त्यांचे आयुष्य बहुधा कमी असते, एवढाच त्यांचा दोष. निळसर रंग दिलेले बल्ब मात्र डोळ्यांना पांढरे भासले, तरी तो रंग काही प्रकाश अडवून धरतो.

एलईडी बल्ब तर हॅलोजनपेक्षा कमी वीज घेतात, म्हणून भाराने तार तापण्याचे भय त्यांच्यात नाही. त्यांचे दोष निराळे आहेत. काही नव्या गाड्यांना कमी वीज जाताना दिसली की बल्ब गेला असे वाटते व त्या सूचनेचा दिवा लावतात. तो विझविण्यासाठी जे रेझिस्टर जोडतात, ते स्वतःच चटका बसण्याइतके तापतात. त्यांना वायरींच्या जुडग्याला बांधून ठेवणे म्हणजे वायरींशेजारी निखारा ठेवणे होय. शिवाय ज्या आरशाची घडण हॅलोजनच्या तारेसाठी केलेली आहे, त्यात एलईडी बसविला, तर प्रकाश वाटेल तसा फाकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आपल्याला वाट दिसावी म्हणून दुसऱ्याला आंधळे करणे हे कोणत्या शहाणपणात बसते?

मग उजेड वाढवावा कसा?

प्रकाश कमी पडतो ही तक्रार खोटी नसते. परंतु तिचे मूळ पुष्कळदा बल्बमध्ये नसून अन्यत्र असते. प्रथम दिव्याची पुढची काच पाहावी. ती प्लॅस्टिकची असेल तर कालांतराने पिवळी पडते. ती घासून स्वच्छ करून घ्यावी. दिव्यांचा रोख बरोबर आहे की नाही, तेही पाहून घ्यावे.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून व दिवे लावून बॅटरीवरील व बल्बच्या होल्डरवरील व्होल्टेज मिस्त्रीकडून मोजून घ्यावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक आढळला, तर वीज वाटेतच गळते आहे असे जाणावे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या चार मीटर तांब्याच्या तारेत दहा अँपियरला सुमारे ०.७ व्होल्ट हरवतात. सतरा अँपियरला एक व्होल्टाहून अधिक. हॅलोजन बल्बचा दाब दहा टक्क्यांनी घटला की प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे बारीक तारेवर मोठा बल्ब लावणाऱ्याला उष्णता पुरती मिळते, पण उजेड पुरता मिळत नाही!

यावर खरा उपाय रिलेचा. रिले म्हणजे विजेने चालणारा खटका. चाकाखालचा मूळ खटका केवळ हुकूम देतो व बल्बची वीज बॅटरीपासून जाड तारेने थेट दिव्यापर्यंत जाते. या तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ योग्य फ्यूज असावा, होल्डर सिरॅमिकचे असावेत आणि अर्थिंग स्वच्छ व घट्ट असावे. वायरी सोलून, पिळून, वर टेप गुंडाळण्याचा गावठी जोड मात्र कटाक्षाने टाळावा. तरीही १०० वॅटचे बल्ब घालू नयेत हेच बरे. कारण तार वाचली, तरी त्यांच्या उष्णतेने दिव्याचा आरसा काळवंडतो व काच भाजते.

आठवड्यातून एकदा रात्रीच्या प्रवासानंतर बॉनेट उघडून पाहण्याची सवय ठेवावी. जळकट वास, तपकिरी पडलेला कपलर, खड्ड्यात आचका बसताच लुकलुकणारा दिवा, या पूर्वसूचना होत. बल्बला मात्र हात लावू नये. तो विझल्यावरही बराच वेळ तापलेला असतो.

आमच्या शेजाऱ्यांनी नवा खटका, दोन रिले, जाड तार आणि सिरॅमिकचे होल्डर बसवून घेतले व बल्ब पूर्ववत ६०/५५ चेच ठेवले. परवा त्याच घाटातून ते रात्री परतले. त्यांच्या मातोश्री उतरताच म्हणाल्या, “बाळा, आज वाट अगदी स्वच्छ दिसली रे! बल्ब आणखी मोठे घातलेस की काय?” “नाही आई,” ते हसून म्हणाले, “या खेपेला तार मोठी घातली.”