टेप आहे, पण यंत्र उठेल का?

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीन विकलेल्या शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम जमा होते, तेव्हा त्या नोंदीचा मुक्काम परभणीत नसतो. शाखेतील कारकून पडद्यावर जे पाहतो, ते शेकडो किलोमीटर दूर असलेल्या संगणक केंद्रातून आलेले असते. ते केंद्र एका सकाळी सुरूच झाले नाही तर काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

हा प्रवास एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात असताना, १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद या नावाने ती मराठवाड्यात रुजली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. या काळात जाडजूड खातेवह्या गेल्या. त्यांच्या जागी देशभरातील बँकांच्या शाखांत युनिक्स प्रणालीवर चालणारे संगणक आले आणि २००० नंतरच्या दशकात साऱ्या शाखा एका केंद्राला जोडल्या गेल्या. स्टेट बँकेचे असे केंद्र नवी मुंबईत बेलापूर येथे उभे राहिले. तेथील मुख्य यंत्रेही एचपी-यूएक्स या युनिक्सच्याच एका अवतारावर चालत. पूर्वी यंत्र बिघडले तर एका शाखेचे काम अडे. केंद्रीकरणानंतर सगळ्याच शाखांचे अडू शकते.

अशा वेळी ‘बॅकअप आहे ना?’ असे सहज विचारले जाते. परंतु बॅकअप दोन प्रकारचा असतो. आगीतून दुकानाची वही वाचली, तरी दुकान, गल्ला आणि तराजू पुन्हा उभे करावेच लागतात. खात्यांच्या नोंदींची टेप ही वही होय. ‘सिस्टिम रिकव्हरी टेप’ हे दुकान. तिच्यात प्रणालीचा गाभा, डिस्कची मांडणी, वापरकर्त्यांची नावे, जाळ्याचे पत्ते अशा साऱ्यांची प्रत असते आणि तिच्यावरूनच कोरे यंत्र सुरू, म्हणजे ‘बूट’, करता येते.

ते घडते असे. वीज मिळताच यंत्र आपल्या नेहमीच्या डिस्ककडे वळते. तंत्रज्ञ त्याला मध्येच थांबवून टेपवरून सुरू होण्याचा आदेश देतो. टेपच्या आरंभी असलेला छोटा भाग स्मृतीत चढतो, डिस्कची जुनी विभागणी पुन्हा आखतो आणि मग फायली जागच्या जागी उतरवतो. आयबीएमच्या एआयएक्समध्ये ‘एमकेसिसबी’ या आज्ञेने तयार होणाऱ्या टेपवर चार भाग असतात. पहिला यंत्र जागे करणारा आणि चौथा प्रत्यक्ष प्रणालीचा. पहिला भाग बिघडला तर चौथा शाबूत असूनही कोरे यंत्र त्या टेपवरून उठत नाही.

म्हणूनच ‘टेप तयार झाली’ हा संदेश पुरेसा नसतो. पहिली पायरी म्हणजे आज्ञेची नोंदवही वाचून चुका पाहणे. दुसरी म्हणजे टेप अखेरपर्यंत वाचून फायलींची यादी काढणे. तिसरी, टेपवरून यंत्र सुरू करून पुनःस्थापनेच्या पडद्यापर्यंत जाणे आणि पुढे न जाता बाहेर पडणे. चौथी आणि खरी कसोटी म्हणजे वेगळ्या यंत्रावर संपूर्ण प्रणाली उतरवून तिच्यात प्रवेश करून पाहणे. शक्यतो टेप वाचणारे उपकरणही दुसरे असावे. कारण चुंबकीय शीर्ष किंचित सरकलेल्या उपकरणाने लिहिलेली टेप कधी कधी फक्त त्याच उपकरणाला वाचता येते. ते उपकरणच जळाले तर?

चाचणीतही धोका आहे. चालू यंत्रावर चुकून पुनःस्थापना सुरू झाली तर जिवंत डिस्कच पुसली जाते. चाचणीच्या यंत्राची जाळ्याची तारही आधी काढावी लागते. कारण टेपवरून उठलेले यंत्र मूळ यंत्राचेच नाव आणि पत्ता घेऊन उठते आणि एकाच नावाची दोन यंत्रे जाळ्यात भांडू लागतात. बाहेरील सामायिक डिस्कही अलग कराव्या लागतात. त्या वेळचा मुख्य पासवर्ड आणि आज्ञांचा क्रम कागदावर हवा; तो बंद पडलेल्या संगणकातच ठेवला असेल तर त्याचा उपयोग नाही.

मोठ्या केंद्रांना जोडीचे यंत्र आणि दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र असते, हे खरे. पण चुकीच्या आज्ञेने पुसलेली फाइल जोडीच्या यंत्रावरही तितक्याच तत्परतेने पुसली जाऊ शकते. अलग ठेवलेली टेप मात्र त्या चुकीपासून सुरक्षित असते. प्रणालीत सुधारणा झाली किंवा डिस्क वाढली, की तीही नव्याने करावी लागते.

अनेक ठिकाणी आता टेपची जागा जाळ्यावरील प्रतींनी घेतली आहे. कसोटी मात्र बदललेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२३ च्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या प्रणालींसाठी आपत्तीतून सावरण्याची कवायत किमान सहामाही करावयाची आहे आणि राखीव प्रती अधूनमधून पुन्हा उतरवून त्या वापरण्याजोग्या आहेत का, हे तपासावयाचे आहे.

कपाटातील टेपवर तारीख आणि सही असते. त्यांच्याशेजारी आणखी एक नोंद हवी: या टेपवरून यंत्र शेवटचे कधी उठले, आणि त्याला किती वेळ लागला. ती जागा कोरी असेल, तर मोंढ्यातल्या शेतकऱ्याची रक्कम केवळ विश्वासावर उभी आहे, असेच म्हणावे लागेल.