गाडी गेली की जमीन हलली?

चांदूर रेल्वेत राहणाऱ्या माणसाला जमीन हलल्याचं फारसं कौतुक नसतं. बडनेरा आणि धामणगावच्या मधलं आमचं गाव मुंबई-नागपूर मार्गावर. लांबलचक मालगाडी गेली की रुळांजवळच्या घरांत फडताळातले कप किणकिणतात, खिडकीचं तावदान थरथरतं. बोलणारा सवयीनं मधेच थांबतो आणि गाडी पुढे गेली की राहिलेलं वाक्य पुरं करतो. ३० सप्टेंबर २०२४ ला दुपारी १ वाजून ३७ मिनिटांनी मी घरीच होतो. कप किणकिणले की नाही, आठवत नाही. किणकिणले असतील तर मी ते मालगाडीच्या नावावर जमा करून पेपर वाचत राहिलो असणार. पंधरा-वीस मिनिटांनी परतवाड्याहून मामेभावाचा फोन आला, "दादा, मांडणीवरचे भांडे पडले ना! तिकडे काही जाणवलं का?"

संध्याकाळपर्यंत आकडा कळला. मेळघाटात, चिखलदऱ्याकडे ४.२ चा धक्का बसला होता. पडझड किरकोळ. दुसऱ्या दिवशी चौकात दोन मिनिटं चर्चा झाली आणि गाडी सोयाबीनच्या भावावर गेली. तारखेकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. किल्लारीचा भूकंपही ३० सप्टेंबरचाच, १९९३ सालचा. बरोबर एकतीस वर्षं. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात शोधण्यासारखं काही नाही. पण गणित करून पाहण्यासारखं आहे. किल्लारीचा धक्का साधारण ६.२ चा, मेळघाटचा ४.२ चा. फरक दोनाचा दिसतो, पण या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. दोन अंक म्हणजे हजार पट. हजार मेळघाट एकदम, पहाटेच्या झोपेत, तेव्हा एक किल्लारी.

मेळघाटाला हे नवं नव्हतं. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडी आणि आसपासच्या गावांत धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती. धक्के लहान, पण येत राहिले. जमिनीतून गडगडाट यायचा, पाठोपाठ हिसका. भर पावसाळ्यात माणसं घरात झोपायला तयार नव्हती, बाहेर ताडपत्री बांधून रात्र काढत होती. एकच मोठा धक्का न येता लहान धक्क्यांची झुंबड उडावी, याला शास्त्रज्ञ 'स्वार्म' म्हणतात, मराठीत आपण थवा म्हणू. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून असाच थवा उतरला आणि तो लवकर हटला नाही. १ फेब्रुवारी २०१९ च्या ४.१ च्या धक्क्यात तिथे पळापळ झाली आणि एका चिमुकलीचा जीव गेला. हिंगोलीत २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ चा आणि अकरा मिनिटांनी ३.६ चा धक्का बसला. पुन्हा १० जुलैला ४.५ चा. तिथल्या पांगरा शिंदे गावाला तर जमिनीखालच्या आवाजांची वर्षानुवर्षांची सवय आहे.

अशा थव्यांच्या बाबतीत पावसाळ्याचा संबंध वारंवार तपासला जातो. भेगाळलेल्या कातळात पाणी मुरतं, खोलवरचा दाब वाढतो आणि आधीच ताणलेली फट थोडी सरकते. फट मुळात ताणलेली असावीच लागते, पाणी फक्त निमित्त. कोयनेनं हे जगाला मोठ्या प्रमाणावर शिकवलं. १९६२ पासून कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला, खालून धक्के येऊ लागले आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांमध्ये आजही तोच सर्वांत मोठा मानला जातो. धरणाच्या भिंतीत बसवलेल्या यंत्रानं त्या पहाटेचा हिसका टिपला होता, आणि ती नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांनी अभ्यासली. त्या पट्ट्यात आजही खाली कान लावलेला असतो. कराडजवळ त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं.

मग आमच्या वऱ्हाडात ताणलेली फट कुठली? ती तर रोज डोळ्यांसमोर असते. अचलपूर-परतवाड्याकडून उत्तरेला पाहा. सपाट काळं रान संपतं आणि सातपुडा एकदम भिंतीसारखा उभा राहतो. या पायथ्याशी गाविलगडचा भ्रंश धावतो, नाव अर्थातच चिखलदऱ्याच्या किल्ल्यावरून. भ्रंशाच्या दक्षिणेचा भाग खचला, उत्तरेचा वर राहिला. खचलेल्या भागात पूर्णेनं गाळ आणून टाकला, काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा. दर्यापूर, अकोल्याकडचा खारपाणपट्टा याच गाळावर बसलाय. विहिरीचं पाणी खारं का, यावर तिकडच्या पारावर शंभर उत्तरं मिळतील. पण तो गाळ साचायला खोलगा कुठून आला, याचं उत्तर या खचण्यात आहे.

भ्रंशाच्या खुणा आणखी हव्या असतील तर जत्रेला जा. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला महाशिवरात्रीची गर्दी असते. तिथे गरम पाण्याचा झरा आहे, आणि आजूबाजूला असे खडक उघडे पडलेत जे एरवी दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली गाडलेले असतात. चांदूर बाजारकडच्या बहिरमला रोडगे आणि हंडीतलं मटण खायला अख्खा वऱ्हाड लोटतो. तिथेही टेकड्यांच्या कडेला हे जुने खडक वर आलेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याखालचा थर पायाशी दिसतो, म्हणजे कधीतरी काहीतरी उचललं गेलं असणार. जत्रेत हे कुणी सांगत नाही. सांगितलं तरी रोडगा थंड होईल.

गाविलगडचा भ्रंश हा नर्मदा-तापीच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या मोठ्या दुबळ्या पट्ट्याचा एक धागा. या पट्ट्यानं आपली ताकद अधूनमधून दाखवली आहे. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात, खंडवा-जळगावच्या बाजूला सव्वासहाच्या आसपासचा भूकंप झाला. केंद्र बरंच खोल, सुमारे चाळीस किलोमीटरवर, म्हणून हानी बेताची. २२ मे १९९७ ला जबलपूर हादरलं. वेळ पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचीच. हाही योगायोगच, पण या देशात पहाटेची वेळ वाईट हे मात्र खरं. घरं कोसळतात तेव्हा माणसं आत असतात.

आता मूळ प्रश्न, हे सगळं टिपतं कोण आणि कसं?

१२ जून १८९७ चा शिलाँगचा महाभूकंप झाला तेव्हा भारतात त्याची नीट नोंद करील असं यंत्र नव्हतं. त्याच्या लाटा इटलीतल्या यंत्रांनी टिपल्या. भूगर्भ सर्वेक्षण विभागातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या नोंदींवरून दाखवलं की भूकंपातून वेगवेगळ्या वेगाच्या तीन तऱ्हांच्या लाटा निघतात. आपला भूकंप, परदेशी कागद आणि त्यातून सगळ्या जगाच्या कामी आलेला शोध. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १८९८ ला, कलकत्त्याच्या अलीपूरला देशातली पहिली भूकंप-वेधशाळा सुरू झाली. त्याच सुमारास मुंबईत कुलाब्यालाही मिल्न यांच्या बनावटीचं यंत्र आलं.

ओल्डहॅमची गोष्ट आमच्या गावच्या माणसाला दोन गाड्यांवरून समजते. समजा बडनेऱ्याहून एक्स्प्रेस आणि पॅसेंजर एकदमच सुटल्या. चांदूरच्या फलाटावर उभ्या माणसाला घड्याळात फक्त दोघींमधलं अंतर मोजायचंय. पॅसेंजर जितकी मागे, तितकं सुटण्याचं ठिकाण लांब. भूकंपाची पहिली लाट सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. चिखलदऱ्याजवळ धक्का बसला आणि यंत्र शंभर किलोमीटरवर असलं तर दोघींमध्ये साधारण बारा सेकंदांचं अंतर पडतं. सेकंदांना आठानं गुणा, किलोमीटर मिळतात. एका स्थानकावरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. तीन स्थानकांनी आपापली वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात तिथे केंद्र. केंद्राची खोली अचूक हवी असेल तर एखादं स्थानक डोक्यावरच, म्हणजे अगदी जवळ लागतं. सगळी मेख इथेच आहे.

मोठा भूकंप दिल्लीलाही कळतो, टोकियोलाही. दोन-अडीचचा धक्का मात्र जवळ यंत्र नसेल तर नोंदवहीत येतच नाही. साद्राबाडीच्या माणसाला तो येतो, कारण त्याच्या डोक्यावरचं कौल हलतं. म्हणून थवा सुरू झाला की तात्पुरती यंत्रं नेऊन बसवावी लागतात. मेळघाटात २०१८ साली हेच झालं, पालघरातही. यंत्र बसवणंही सोपं नसतं. त्याला पक्का कातळ हवा. आमची रेगड उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर ठेवलेलं यंत्र भूकंपापेक्षा हवामानच जास्त लिहील. रस्ता, ट्रक, रेल्वे लांब हव्यात, म्हणजे चांदूर रेल्वे बादच. कातळ आणि शांतता दोन्ही मेळघाटात आहे, पण तिथे वीज आणि मोबाईलचं नेटवर्क रुसतं.

किल्लारीनं देशाचं डोकं ठिकाणावर आणलं असं म्हणावं लागेल. तेव्हाच्या नकाशात तो भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धास्त पट्ट्यात होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे धक्के बसले होते. लोक घाबरले, तक्रारी झाल्या, मग धक्के थांबले आणि तक्रारीही. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपतीचं विसर्जन करून माणसं दमून झोपली, आणि चार वाजायच्या आत दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर आलं. सरकारी आकडा सुमारे आठ हजार मृत्यूंचा. त्यानंतर देशातल्या वेधशाळांमध्ये नवी अंकीय यंत्रं बसली. चार वर्षांनी जबलपूर हादरलं तेव्हा ती कामाला आली. २००२ च्या नकाशात पहिला पट्टा रद्दच झाला. भारतात 'इथे काही होणार नाही' असा भाग कागदावर उरला नाही. २०१४ पासून राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र स्वतंत्रपणे काम करतं, देशभर दीडशेच्या वर स्थानकं आहेत, आणि धक्का बसला की काही मिनिटांत फोनवर आकडा येतो. धरणांच्या परिसरावर नाशिकची 'मेरी' ही संस्था नजर ठेवते.

जपानशी तुलना करायचा मोह होतो. तिथे दोनेक मिनिटांत टीव्हीवर गावागावाचा आकडा झळकतो, आणि तो रिश्टरचा नसतो. तुमच्या गावात प्रत्यक्ष किती हललं, त्याचा असतो. शून्य ते सात, त्यात पाच आणि सहाचे पुन्हा दोन-दोन भाग. गृहिणीला त्यातून लगेच कळतं की गॅस बंद करायचा की चहा चालू ठेवायचा. आपल्याकडे '४.२ रिश्टर' एवढंच येतं आणि चांदूरच्या माणसाला त्यातून स्वतःबद्दल काहीच कळत नाही. जपाननं १ ऑक्टोबर २००७ पासून सर्वांसाठी पूर्वसूचनाही सुरू केली, म्हणजे एक्स्प्रेस येताच पॅसेंजरच्या आधी भोंगा. पण केंद्र पायाखालीच असेल तर दोन्ही गाड्या जवळजवळ एकदमच येतात, आणि भोंग्याला वेळच उरत नाही. हा इशारा भूकंप सुरू झाल्यावरचा. आधीचं भाकीत जपानलाही जमत नाही. प्रत्येक धक्क्यानंतर व्हॉट्सॲपवर 'आज रात्री अडीच वाजता' असा निरोप फिरतो, तेव्हा एवढं लक्षात ठेवलं तरी एक रात्र झोप लागते.

मग लहान धक्के लिहून काय साधतं, असं मला चौकात विचारलं गेलंय. तेही वऱ्हाडी पद्धतीनं, "काहून लिवता बाप्पा, थांबणार आहे का थे?" थांबणार नाही. बहुतेक थवे येतात तसे विरतात. कोणता थवा साद्राबाडीचा आणि कोणता १९९२ च्या किल्लारीचा, हे त्या क्षणी कुणालाच ओळखता येत नाही. पण शंभर थव्यांच्या नोंदी असल्या तर फट किती लांब आहे, किती खोल आहे, कोणत्या दिशेला सरकते, हे हळूहळू कागदावर उमटतं. त्यावरून पट्टे आखले जातात, पट्ट्यांवरून नव्या घराच्या लोखंडाचा हिशेब ठरतो. जुन्या घरांचा हिशेब मात्र कुणी करत नाही. वऱ्हाडातल्या गावांत धाब्याची घरं अजून उभी आहेत. मातीच्या भिंती, वर लाकडं आणि पांढऱ्या मातीचा थर, जो दर पावसाळ्याआधी थोडा वाढतो. उन्हाळ्यात त्याइतकं थंड घर नाही. पण किल्लारीच्या माळवदाचं ते भावंडच. छत हलकं करणं, भिंतीच्या कोपऱ्यांना आणि वर सगळीकडून पट्टा बांधणं, हे गवंड्याला जमण्यासारखं काम आहे. घरकुलाच्या रांगेत उभ्या माणसाला ते कुणी सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत खिडकीपासून वर तिरपी भेग आहे. मामेभावाचा फोन आला त्या संध्याकाळी मी तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि तारीख लिहिली. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी बघतो. मे महिन्यात भेग रेघेच्या बोटभर पुढे गेली, ऑगस्टमध्ये तिचं तोंड मिटलं. म्हणजे ही रेगडीची करणी. खिडकीजवळ आता पाच तारखा झाल्यात. भिंत रंगवायची वेळ आली तेव्हा रंगाऱ्याला मी तेवढा तुकडा सोडायला सांगितला.