झाडणाऱ्याचाच हात धरला

ल्युपसच्या रुग्णाचा रिपोर्ट आला की त्यातली एक ओळ हमखास बुचकळ्यात टाकते: सी३ कमी, सी४ कमी. प्रतिकारशक्ती चवताळून स्वतःच्याच शरीरावर उठली आहे, असं डॉक्टर सांगतात. मग तिचीच प्रथिनं कमी कशी? साधं उत्तर असं, की ती खर्ची पडतात. पण तेवढ्यानं भागत नाही.

ही ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणजे पूरक प्रथिनं. सीरम ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की त्याची जंतू फोडायची ताकद जाते, प्रतिपिंडं मात्र शाबूत राहतात. त्यात थोडं ताजं सीरम घातलं की ताकद परत येते, मग ते ताजं सीरम कधीही लस न टोचलेल्या प्राण्याचं का असेना! १८९०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे यांनी हे दाखवलं. १९१९चं नोबेल त्यांना मिळालं.

ही पूरक प्रथिनं साखळीसारखी एकामागून एक कामाला लागतात, आणि या साखळीची पहिली कडी सी१क्यू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो ट्यूलिपच्या जुडीसारखा दिसतो: खाली एकत्र बांधलेले देठ, वर सहा फुलं. जंतूवर बसलेल्या प्रतिपिंडांना ही फुलं चिकटली की पुढचं सगळं सुरू होतं. सी१क्यूचं दुसरं काम झाडूवाल्याचं. मेलेल्या पेशींवर बसून तो भक्षक पेशींना ‘हे उचला’ म्हणून खुणावतो. कचरा तसाच पडून राहिला तर पेशीतला डीएनए उघड्यावर येतो, आणि ल्युपसमधली प्रतिपिंडं त्याच्याच मागे लागलेली असतात. जन्मतःच सी१क्यू नसलेली माणसं जगात फार थोडी, पण त्यांतल्या बहुतेकांना ल्युपस होतो. ल्युपस म्हणजे नुसता प्रतिकारशक्तीचा अतिरेक, ही समजूत मला इथे अपुरी वाटते.

ल्युपसच्या साधारण एक-तृतीयांश रुग्णांत तर या सी१क्यूवरच प्रतिपिंडं सापडतात. ती धरतात देठाला, आणि तेही बहुधा तो कामाला लागल्यावरच. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या सी१क्यूकडे ती फारशी फिरकत नाहीत. फुलं कुठेतरी घट्ट चिकटली की देठात दडलेला भाग उघडा पडतो. छत्री उघडल्याशिवाय काड्या दिसत नाहीत, तसंच हे.

याची झळ लागते मूत्रपिंडाला. लघवीला फेस, पावलांवर सूज, आणि बायोप्सीत गाळण्यांमध्ये साचलेली प्रतिपिंडं व पूरक प्रथिनं. मात्र ही प्रतिपिंडं एकट्यानं आग लावत नाहीत. उंदरांना नुसती ती टोचली तेव्हा मूत्रपिंडाला फारसं काही झालं नाही. गाळणीत आधीच दुसऱ्या प्रतिपिंडांचे पुंजके अडकलेले होते, तिथेच दाह भडकला. काही धडधाकट माणसांच्या रक्तातही ती आढळतात, त्यामुळे नुसता ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून घाबरण्यात अर्थ नाही.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतही भारतीय रुग्णांमध्ये ही प्रतिपिंडं तपासली गेली आहेत. डॉक्टरांच्या दृष्टीनं या चाचणीचा जास्त उपयोग ती निगेटिव्ह आली तर होतो: मूत्रपिंडाचा तीव्र ल्युपस त्या क्षणी भडकलेला असण्याची शक्यता मग बरीच कमी धरता येते. पॉझिटिव्ह आली, तर लघवीतलं प्रथिन, सी३, सी४ आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडं शेजारी मांडल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.