काचेच्या पोटातला चित्रपट

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत पडद्यावर आला आणि त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१७ मध्ये तोच चित्रपट त्यांनी नव्यानं चित्रित केला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली रिळं या दुसऱ्या खेपेचीच असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. नायट्रेटची फिल्म ठिणगी लागली की भडकते, नाही पेटली तर डब्यातच कुजते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशाच साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट कायमचे गेले.

म्हणून २०१९ मधला एक प्रयोग नाशिककरांनी मुद्दाम समजून घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रोजेक्ट सिलिका’नं १९७८चा ‘सुपरमॅन’ अख्खाच्या अख्खा क्वार्ट्झ काचेच्या चौकोनी तुकड्यात उतरवला. तुकडा साडेसात सेंटिमीटर लांब-रुंद, २ मिलिमीटर जाड, माहिती ७५.६ जीबी.

डीव्हीडीच्या एका बाजूला फार तर दोन थर, ब्लू-रेला चार. काचेत मात्र सगळी जाडी कामाला येते. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचाही दहा लाखावा भाग. इतक्या अल्प वेळाच्या मापात मोजावे लागणारे लेझरचे स्पंद भिंगातून काचेच्या आत एका बिंदूवर एकवटतात. वरून चरासुद्धा दिसत नाही, आत मात्र ठसा उमटतो. असे ठसे थरावर थर. शिवाय ठशाची दिशा कोणती आणि ध्रुवित प्रकाशावर त्याचा परिणाम किती, यांतही माहिती भरता येते. साउदॅम्प्टन विद्यापीठात पीटर काझान्स्की यांच्या गटानं २०१३ मध्ये हे दाखवलं, तेव्हापासून ‘पंचमिती’ हे नाव रूढ झालं. वाचायला सूक्ष्मदर्शक, ध्रुवित प्रकाश आणि उलगडा करणारा संगणक लागतो.

‘सिलिका’वाल्यांनी काच उकळली, ओव्हनमध्ये तापवली, मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तारेच्या घासणीनं घासली, माहिती शाबूत. जपून ठेवायला वीज लागत नाही. लिहिलेलं खोडता येत नाही, पण संग्रहालयाच्या दृष्टीनं हा गुणच. खरी अडचण लेझरची किंमत आणि लिहिण्याचा संथपणा. त्यामुळे हे यंत्र आपल्या टेबलावर इतक्यात येत नाही.

तोवर कपाटातल्या लग्नाच्या सीडीचं काय? घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर बिघडतो. काचेची वाट पाहत बसू नका. या आठवड्यातच ती सीडी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.