अंडी घालण्याची पेटी

अंडी घालण्याची पेटी : कोंबड्यांनी ठराविक, स्वच्छ व आडोशाच्या जागी अंडी घालावीत म्हणून खुराड्यात ठेवलेली पेटी. खाली गादीत घातलेली अंडी विष्ठेने माखतात, तडकतात आणि पुष्कळदा कोंबड्यांच्या चोचीला बळी पडतात. नुकत्याच घातलेल्या अंड्याचे कवच ओलसर असते. अंडे थंड होताना त्यातील द्रव्य आकुंचन पावते व कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून सूक्ष्मजंतू आत ओढले जाऊ शकतात. त्यामुळे मळलेले अंडे मागाहून धुतले, तरी ते उबवणीस भरवशाचे राहत नाही. थोड्या कोंबड्या पाळणाऱ्यास ही हानी विशेष जाणवते.

नैसर्गिक प्रवृत्ती : पाळीव कोंबडीची पूर्वज तांबडी रानकोंबडी (गॅलस गॅलस) झुडपाच्या आडोशाला जमिनीवर उथळ खळगा करून अंडी घालते. पाळीव कोंबडीतही ही प्रवृत्ती टिकून आहे. अंडे घालण्यापूर्वी एक-दोन तास ती अस्वस्थ होते, विशिष्ट आवाज काढते, अनेक जागा हुंगल्यासारख्या निरखून पाहते व शेवटी एके ठिकाणी बसून अंगाने खळगा करते. वुड-गश व गिल्बर्ट यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार या वर्तनाचे नियंत्रण अंडाशयाकडून होते. अंडाशयातून पीतक (बलक) सुटल्यावर मागे राहणारे रिकामे पुटक काढून टाकल्यास पुढील दिवशीचे घरटे शोधण्याचे वर्तन बिघडते. म्हणजेच जागा शोधण्याची ओढ उपजत असते. कोणती जागा निवडावयाची हे मात्र कोंबडी अनुभवाने ठरवते आणि एकदा पडलेली सवय सहसा सोडत नाही.

रचना : एका कोंबडीपुरती पेटी साधारणतः ३० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ३५ सेंमी. उंच असते. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते. पेटी खुराड्याच्या शांत व अंधाऱ्या भागात, जमिनीपासून सु. ४५ ते ६० सेंमी. उंचीवर बसवितात. पुढे चढण्यासाठी दांडी आणि अंडी व गवत बाहेर पडू नये म्हणून १० ते १५ सेंमी. उंचीची आडवी फळी असते. छप्पर उतरते ठेवल्यास कोंबड्या त्यावर रात्री बसत नाहीत. तळाशी भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा वाळलेले गवत घालून ते वारंवार बदलतात.

तलंगांना सवय लावणे : तलंगा साधारणपणे १८ ते २२ आठवड्यांच्या वयात अंडी घालू लागतात. त्यापूर्वी दोन-तीन आठवडे पेट्या बसवून त्या दिवसा उघड्या ठेवतात. प्रत्येक पेटीत लाकडाचे वा चिनी मातीचे खोटे अंडे ठेवल्यास ती जागा सुरक्षित असल्याचा समज तलंगांना होण्यास मदत होते. लहानपणापासून दांड्यांवर बसण्याची सवय असलेली पिले मोठेपणी उंचावरील पेट्या सहज वापरतात. खुराड्यातील अंधारे कोपरे अडवून किंवा उजेडात आणून तेथील आकर्षण कमी करतात. सुरुवातीस गादी फार जाड ठेवीत नाहीत. गादीतील अंडी तत्काळ उचलतात, कारण एक अंडे दिसले की दुसरी कोंबडी तेथेच बसते. तेथे बसू पाहणारी तलंग हलक्या हाताने उचलून पेटीत ठेवतात. बहुतेक अंडी सकाळी घातली जात असल्याने त्या वेळी खुराड्यात साफसफाई वा गडबड करणे टाळतात. अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करतात. रात्री पेट्या बंद करून पहाटेपूर्वी उघडतात. त्यामुळे त्या विष्ठेने घाण होत नाहीत. खुडूक कोंबडी पेटी अडवून बसते, म्हणून तिला वेगळे ठेवतात.

अन्य प्रकार : कोणत्या कोंबडीने किती अंडी घातली याची नोंद हवी असल्यास सापळा-पेटी वापरतात. कोंबडी आत शिरताच तिचे दार पडते व नोंद करून पाळणारा तिला बाहेर सोडतो. सामुदायिक पेटीत मधल्या भिंती नसतात. साध्या पिंजरा पद्धतीत घरट्याची सोय नसल्याने कोंबडीच्या या उपजत गरजेचा कोंडमारा होतो. यूरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशानुसार असे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून निषिद्ध ठरविले असून पिंजऱ्यात घरट्याची सोय बंधनकारक केली आहे.