प्रेमकथावाल्या बाई दिल्लीला जातात

साहित्य संमेलन आणि प्रेमाची कादंबरी यांचे नाते मोठे गमतीचे आहे. मांडवात भाषेची काळजी वाहिली जाते, समीक्षकांची जुगलबंदी रंगते, ठराव होतात. आणि मांडवाबाहेर पुस्तकांच्या गाळ्यात प्रेमाची कादंबरी बिचारी एका कडेला अंग चोरून उभी असते. परिसंवादात तिचे नाव निघालेच तर वक्ते किंचित हसून घेतात. मात्र दुपारी चहाच्या सुट्टीत वक्त्यांच्या घरची मंडळी त्याच गाळ्यावर दिसतात, आणि त्यांच्या पिशवीत काय जाते ते आम्ही पाहत असतो.

तसे पाहिले तर या बिचारीने संमेलनाचे अध्यक्षपदसुद्धा भूषवलेले आहे. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकार पहिल्यांदा एकत्र जमले, तेव्हा मराठी कादंबरी नुकती कुठे बाळसे धरत होती. पण १९४० साली रत्नागिरीच्या संमेलनाच्या अध्यक्षस्थानी ना. सी. फडके बसले. 'दौलत' आणि 'जादूगार' लिहिणारे फडके! कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दिवसा तर्कशास्त्र शिकवायचे आणि कादंबरीत नायकनायिकांची गाठ अशा ठिकाणी घालायची, की सगळे तर्कशास्त्र खुंटीवर टांगले जावे. पुढच्याच वर्षी सोलापूरला वि. स. खांडेकर अध्यक्ष झाले. कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर या दोघांचे जन्मभर पटले नाही. पण दोघांच्याही कादंबऱ्या मुली उशीखाली ठेवून वाचत, एवढ्या बाबतीत मात्र महाराष्ट्राचे एकमत होते.

दिवाळी अंकालाही प्रेमकथेची झळ लागलेली आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ सालच्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. एका प्रेमकथेचे काय करायचे हे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला बसावे लागले. तेव्हा आमचा धंदा अगदीच हलका समजू नका!

हो, 'आमचा'. मी एका कॉलेजात मराठी शिकवते आणि रात्री प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिते. आजवर अकरा लिहून झाल्या. "सकाळी ज्ञानेश्वरी, रात्री गुलाबराणी," असे आमच्या स्टाफरूममध्ये माझे वर्णन केले जाते. हजार प्रतींची आवृत्ती निघते, ती सावकाश संपते, आणि त्यातल्या बऱ्याच प्रती वाचनालयांत जाऊन पाने सुटेपर्यंत फिरतात. समीक्षा येत नाही, पत्रे येतात. अशा लेखिकेला संमेलनाला कुणी खास बोलावत नाही. पण ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला भरणार म्हटल्यावर, 'बोलावणे नसले तरी जायचे' असे मी ठरवले. दिल्लीत यापूर्वी हे संमेलन १९५४ साली भरले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते आणि उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. त्यानंतर तब्बल ७१ वर्षांनी हा योग येत होता. पुढचा योग येईपर्यंत माझ्या नायिकासुद्धा आज्या होतील, असा हिशेब मी केला.

संमेलनासाठी पुण्याहून खास गाडी सुटली होती आणि तिच्यात धावते संमेलनच भरले होते. मला मात्र परीक्षेच्या कामांमुळे आपली नेहमीची झेलम एक्स्प्रेस धरावी लागली. पुण्याला संध्याकाळी बसायचे आणि दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीला उतरायचे. प्रेमकथा लिहिणाऱ्याने एकदा तरी हा प्रवास करावा. समोरच्या बाकावरच्या दोन कुटुंबांची मनमाडला ओळख होते, भुसावळला डबे उघडतात आणि भोपाळ येईपर्यंत एकीकडच्या भाच्यासाठी दुसरीकडच्या पुतणीची चौकशी सुरू झालेली असते.

ग्वाल्हेरचे स्टेशन आले तेव्हा मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. याच गावी १९६१ साली कुसुमावती देशपांडे संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळवणारी पहिली स्त्री. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपी अभ्यास त्यांनीच लिहून ठेवला आहे. त्यांच्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे. आणि दिल्लीला सहाव्या, डॉ. तारा भवाळकर. ९८ संमेलनांत सहा! आमच्या कादंबरीतली नायिकासुद्धा यापेक्षा लवकर होकार मिळवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा केली.

"तालकटोरा स्टेडियम," मी म्हटले.

"आज कौन सा मॅच है?" रिक्षावाल्याने विचारले.

"मॅच नहीं. मराठी साहित्य का संमेलन है."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग आरशातून माझ्याकडे पाहत त्याने विचारले, "अच्छा! जीत कौन रहा है?"

हा प्रश्न मी तीन दिवस मनात घोळवला. चार महिन्यांपूर्वीच, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. म्हणजे एक डाव आपण जिंकलो होतो खरे. उरलेला सामना मात्र घरोघर चालला आहे, आणि तिथे पंच नसतो.

तालकटोऱ्याची जागा तशी आपल्या ओळखीची आहे. १७३७ साली पहिल्या बाजीरावाने दिल्लीवर धडक मारली तेव्हा त्याच्या फौजेचा तळ याच परिसरात पडला होता. इतिहासाच्या प्राध्यापकांना इथे तलवारी दिसत असतील. मला मस्तानी दिसली. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ साली आली आणि बाजीराव घराघरात पोहोचला. २०१५ साली तिच्या आधाराने निघालेला हिंदी चित्रपट साऱ्या देशाने पाहिला. लढाया जिंकलेल्या पुरुषाला लोकांनी लक्षात ठेवले ते त्याच्या प्रेमामुळे, हे आमच्या धंद्याच्या बाजूचे एक बिनतोड प्रमाण आहे.

२१ तारखेला उद्घाटन विज्ञान भवनात झाले. पंतप्रधान नरेंद्र मोदी आले होते आणि स्वागताध्यक्ष शरद पवार होते. पुढे २३ तारखेपर्यंत तालकटोऱ्याला मराठीची जत्रा भरली. फेटे, नऊवाऱ्या, नथी, कवितांच्या वह्या, आणि 'पुण्याचे का तुम्ही? आमचे मेहुणे तिथंच असतात' अशा ओळखी. अध्यक्षीण बाईंनी सारे आयुष्य लोकसाहित्याच्या अभ्यासात घालवलेले. त्यांना व्यासपीठावर पाहताना मला वाटले, जात्यावर बसून ओवीतून माहेर, सासर, भ्रतार आणि सवत यांची कहाणी सांगणारी बाई हीच आमची मूळ पुरुष. म्हणजे मूळ स्त्री! तिच्या ओवीला आपण ठेवा म्हणतो. तीच कहाणी मी दोनशे पानांत लिहिली की तिला 'फावल्या वेळचे वाचन' म्हणतात. कदाचित आणखी दोनशे वर्षे थांबावे लागेल.

भोजनाच्या रांगेत एका वयस्क गृहस्थांनी माझी विचारपूस केली.

"आपण काय लिहिता?"

"कादंबऱ्या."

"वा! ऐतिहासिक की सामाजिक?"

"प्रेमाच्या."

"अस्सं, अस्सं," ते ताटाकडे पाहत म्हणाले, "आमच्या घरात वाचतात तसलं." रांग चार पावले पुढे सरकली. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "ती एक तुमचीच का हो? डॉक्टर आणि रेडिओवरची मुलगी? त्यात ती त्याला पत्र का पाठवत नाही शेवटी?" मी कारण सांगितले. ते त्यांना पटले नाही. बासुंदी येईपर्यंत आम्ही त्यावर वाद घातला. त्या तीन दिवसांत माझ्या वाट्याला आलेला परिसंवाद तो हाच.

पण मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तकांच्या गाळ्यावर एक बाई माझ्याजवळ आल्या. चाळिशीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, हातात वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक. मूळच्या विट्याजवळच्या. सांगली जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यांतली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या कामासाठी देशभर पांगली आहेत हे मला ऐकून माहीत होते. यांच्या मालकांचे करोलबागेत गलाईचे दुकान होते. लग्न होऊन आल्याला चोवीस वर्षे झाली होती.

"ताई, ही तुमची कादंबरी. तीनदा वाचलीया," त्या म्हणाल्या.

मी सही करायला पेन काढले.

"सही नगं. म्हायेरच्या लायब्रीचं हाय. परत करायचं ऱ्हायलं."

पहिल्या पानावर खरेच वाचनालयाचा निळा शिक्का होता. मग त्यांनी १९२ वे पान उघडले. तिथे कोपरा मुडपलेला होता.

"ह्यात पोरगी दुसऱ्या जातीतला नवरा करती. आई आधी न्हाई म्हणती, आन् हितं हो म्हणती. का म्हणती?"

"मुलगी आजारी पडते ना. आईचं मन द्रवतं."

"तेच की," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी ठणठणीत हाय. मग मी कशापायी हो म्हणू?"

वाचकहो, वीस वर्षे मी विद्यार्थ्यांना कथानक, संघर्ष आणि परिवर्तन शिकवते आहे. इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कारण हा प्रश्न कादंबरीविषयी नव्हताच. त्यांची मुलगी दिल्लीतच वाढलेली, बँकेत नोकरीला. मुलगा तिथलाच, पंजाबी. घरात तीन महिने अबोला चाललेला. त्या बाईंना दिल्लीत मराठीतून विचारायला दुसरे कुणी नव्हते. म्हणून त्या पुस्तक लिहिणारीकडे आल्या होत्या.

हसून वेळ मारून नेणे सोपे होते. पण त्यांच्या हातातल्या पानाचा कोपरा किती वेळा मुडपला गेला होता ते मला दिसत होते. आम्ही बाजूच्या पायरीवर बसलो.

"हे बघा," मी म्हटले, "मला आठ पानांत आईचं मन वळवायचं असतं, म्हणून ताप आणावा लागतो. तुम्हांला पानांची घाई नाही. मुलगा पाहिलात का?"

"म्या न्हाई. ह्यांनी पायला. दुकानात आला हुता. भट्टीपाशी तासभर बसला. तेजाबात सोनं कसं वायलं होतं, मूस किती तापवायची, समदं इचारत हुता."

"आणि मालकांनी सांगितलं?"

"सांगितलं की. घरी येऊन म्हणलं, 'पोरगं हुशार हाय, पर आपलं न्हाई.'"

"आधी काय म्हणाले? पहिलं वाक्य?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"तेजाबाच्या धुरात जो माणूस तासभर बसला, आणि ज्याला तुमच्या मालकांनी आपली विद्या सांगितली, त्याला निदान एकदा जेवायला बोलवा, नाहीतर त्यांच्या घरी जेवून या. हो की नाही ते मग ठरवा. ते तुमचं तुम्हीच ठरवायचं. पण मुलगी ठणठणीत आहे तोवरच ठरवा."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुमी म्हाराष्ट्रात चाललाया. एवढं पोस्टानं लायब्रीत धाडा. माझं आता वाचून झालं."

पुण्याला आल्यावर मी ते पुस्तक विट्याला रवाना केले. उशिराच्या दंडापोटी माझ्या दोन नव्या कादंबऱ्याही सोबत घातल्या. आषाढात त्यांचा फोन आला. लग्नाचे काही ठरले नव्हते. मालक अजून घुम्यासारखे होते. पण तिघेही त्या पंजाबी घरी जाऊन जेवून आले होते. "छोले बरं हुतं," त्या म्हणाल्या, "पर तिखट न्हवतं. म्या म्हणलं, पुढच्या येळंला आमच्याकडं या, मंग दाविते तिखट कसं असतं."

'पुढच्या वेळेला' हे दोन शब्द मी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत. एखाद्या पारितोषिकाचा मला इतका आनंद झाला नसता.

प्रेमाच्या कादंबऱ्यांनी मुली बिघडतात, असा आक्षेप आपल्याकडे फार जुना आहे. त्या वाचून आयांचे काय होते, याची चौकशी कुणी केलेली नाही. घराण्याचा मान एकीकडे आणि मुलीचे सुख दुसरीकडे अशा तराजूपुढे मध्यरात्री एकटी बसलेली आई कोणता ग्रंथ उघडत असेल? समीक्षेचा नव्हे. ती पान १९२ उघडते, आणि तिथल्या आईला हिशेब विचारते. तेव्हा आम्हांला उत्तर देता आले पाहिजे.

आणि संमेलने व्हावीत की न व्हावीत, यावर दर वर्षी जी चर्चा झडते, तिच्यात माझे एवढेच मत जमेस धरावे. करोलबागेतून तालकटोऱ्याला येऊन मराठीत एक प्रश्न विचारायची सोय त्या तीन दिवसांत झाली. गावापासून दूर राहणाऱ्या माणसाला भाषणे आठवणार नाहीत, ठराव तर नाहीतच. आपल्या बोलीत मनातले बोलता आले, एवढे मात्र त्याला जन्मभर आठवेल. त्या रिक्षावाल्याने पुन्हा विचारले, तर जिंकते कोण ते मी सांगू शकेन.